चार इंच वर

२ जून, सोमवार

वकील म्हणाले, रस्त्याच्या केसमध्ये तारखेला किंमत असते, रोज काय घडतं ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. दहावीनंतर सलग चार ओळी लिहिल्या नाहीत, तेव्हा अक्षर असंच असणार.

तर पहिल्यापासून. आमची वस्ती तिसगावच्या अलीकडे, डांबरीपासून आत. डांबरीला जायची वाट माझ्या चुलतभावाच्या, बिभीषणच्या वावरातून आहे. ही वाट कागदावर कुठेच नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील भिमाजी, आणि त्यांचे थोरले बंधू यांनी वाटणीच्या वेळी बांधावर बसून ती तोंडी ठरवली. थोरले वारले. बिभीषणने गेल्या आठवड्यात त्या वाटेवर नांगर घातला आणि तोंडाशी जेसीबीने चर मारला. मी जाब विचारायला गेलो, तर म्हणतो कसा, "माझ्या लेकीच्या मांडवात यायला तुमाला रस्ता सापडला न्हाई. मंग गाडीला तरी कशाला पायजे?"

सुकन्याच्या लग्नाला आम्ही गेलो नाही हे खरं आहे. पण कारणही तसंच आहे. पत्रिकेत अण्णांचं नाव बिभीषणच्या मेहुण्याच्या खाली छापलं होतं. सख्खा चुलता खाली आणि बायकोचा भाऊ वर! अण्णा म्हणत होते, "छापनाऱ्याची चूक आसंल, जाऊन येऊ." नवी टोपीसुद्धा आणून ठेवली होती त्यांनी. मी जाऊ दिलं नाही. जिथे मान नाही तिथे पंगतीला बसायचं कशाला?

आता अडचण अशी की अण्णांची किडनी गेलेली आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना नगरला डायलिसिसला न्यावं लागतं, त्यात खाडा चालत नाही. दुसरी वाट ओढ्यातून आहे, ती नुसती दगडगोट्यांची. आज रिकामी पिकअप नेऊन पाहिली तर मागचा ॲक्सल दगडावर बसला. बाहेर काढताना घाम फुटला आणि बिभीषण बांधावर उभा राहून पाहत होता. तोवर मंगळवार-शुक्रवार पहारीने गोटे सारत गाडी कशीबशी काढेन, पण ओढ्याला पाणी यायच्या आत काहीतरी केलं पाहिजे.

५ जून, गुरुवार

मोबाईलवर लिफ्ट किटचे व्हिडिओ पाहिले. डोंगराकडची पोरं गाडी उंच करतात, खाली जाडजूड टायर लावतात आणि कसल्याही खडकावरून नेतात. आमचा ओढा त्यापुढे काहीच नाही. गाडी उंच केली की बिभीषणच्या वाटेची गरजच उरत नाही. नांगरत बसू दे त्याला काय नांगरायचं ते.

सुरेखाला दाखवलं. माझ्या बायकोला कुठल्याही गोष्टीवर साडी हाच उपाय दिसतो. म्हणाली, "सुकन्या म्हायेरी आलीय. एक साडीचोळी घेऊन जाऊ, तिची वटी भरू. भावजी सोताहून चर बुजवत्याल. लेकीच्या लग्नाला आपुन नव्हतो, हे त्यांच्या जिव्हारी लागलंय."

म्हणजे आम्हीच नाक घासायचं. मी म्हटलं, आधी त्याने नवी पत्रिका छापून आणावी. ती म्हणाली, "झालेल्या लग्नाची?" आणि भांडी घासायला निघून गेली.

९ जून, सोमवार

नगरला सत्तारभाईकडे गेलो. मार्केट यार्डाकडे येणाऱ्या निम्म्या पिकअपचे पाटे, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, तोच करतो. त्याला म्हटलं, मोठे टायर बसवायचेत, गाडी उंच करायचीय. बशीतला चहा संपवून त्याने विचारलं, "कशाला?" गिऱ्हाइकाला कशाला म्हणून विचारणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

त्याने सांगितलं ते असं. ॲक्सल जमिनीपासून वर उचलतो तो टायर. किट फक्त त्या मोठ्या टायरला फिरायला वर जागा करून देतं. सगळ्यात सोपं काम म्हणजे चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये पक, म्हणजे जाड चकत्या, घालायचे. पण सत्तारभाई म्हणाला, "त्यात गाडी तितंच, नुस्ती टोपी वर. पटका उंच बांधला म्हनून मानूस उंच व्हतो का?" पाटा ज्यांना लटकतो ते टोकाचे शॅकल लांब केले तर स्टेअरिंग हलकं पडतं आणि गाडी रस्त्याने भटकत चालते. मागच्या बाजूला पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालता येतात. पुढे मात्र तो ठोकळा घालणार नाही. "ब्रेक मारताना सरकला तर तुमी वर आन् मी आत," म्हणाला. पुढे जास्त कमानीचे नवे पाटेच घ्यायला पाहिजेत.

"दोन इंच उचला, बास झालं," म्हणाला. "वढा निघंल, घाटात गाडी डुलनार न्हाई आन् चढनाऱ्याला बी चढता यील."

मी म्हटलं, चार.

"आदिनाथभाऊ, नाकापरीस मोती जड व्हईल."

"दोन इंच कुणाच्या नजरेततरी येणार आहे का?" मी म्हटलं.

"नजरंत कुनाच्या आनायचंय?" त्याने विचारलं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून बरं झालं.

१३ जून, शुक्रवार

अण्णांना हॉस्पिटलच्या दारात सोडून आलो. सुरेखा असते त्यांच्यासोबत. मी वर जात नाही. तिथे गाडी लावायला जागा नसते, शिवाय तो औषधाचा वास आणि नळ्यांतून फिरणारं रक्त मला बघवत नाही. तेवढ्या वेळात मार्केटचं एखादं भाडंही होतं.

आज ओढ्यात काठी उभी करून सगळे गोटे मोजले. खरं लिहायचं तर सत्तारभाई बरोबर आहे, दोन इंचात काम होतंय. पण एकदा खर्च करायचाच तर अर्धवट कशाला करायचा? उद्या मोठा दगड वाहून आला तर? चारच करायचं ठरवलं. टायरसुद्धा सगळ्यात मोठे, मातीत चालणारे. पैशाचं इथे लिहीत नाही, सुरेखा ही वही वाचते.

अण्णांनी एवढंच विचारलं, "मला चढता यील का रं?" मी म्हटलं, अण्णा, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. दाराखाली लोखंडी पायरी लावून घेतो.

१७ जून, मंगळवार

वकिलांना वही दाखवली. त्यांनी उभ्या उभ्या चार पानं वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ही कुणाला दाखवू नका." कारण विचारलं तर म्हणाले, तुमच्याच हिताचं सांगतोय. वकील लोकांचं असंच असतं, आधी लिहा म्हणायचं आणि मग लपवा म्हणायचं. आता मी लिहिणारच. माझं मन मोकळं करायला दुसरं आहे कोण?

२१ जून, शनिवार

गाडी आली! मागे ठोकळे, पुढे नवे पाटे, ब्रेकच्या नळ्या लांब केल्या, हेडलाइट खाली वळवून घेतले. टायर बघत राहावे असे आहेत. पासिंगच्या वेळी हे सगळं उतरवावं लागेल, असं सत्तारभाईने दोनदा बजावलं, आणि बिल काही दिलं नाही. म्हणाला, "ह्या कामाला माझं नाव सांगू नका." भित्रा आहे.

करंजीच्या घाटात वळणावर गाडी थोडी झोकांडते. सवय होईल.

दुपारी ओढ्यातून काढली. काय सांगू! जिथे अडकलो होतो तिथून गाडी म्हशीसारखी सरळ निघून गेली. वस्तीवरची सगळी पोरंसोरं धावत आली. बिभीषण वावरात कांद्याचं रोप बघत होता. मी मुद्दाम हॉर्न दिला. त्याने मान वर करून पाहिलं. वर करूनच पाहावं लागलं त्याला. एवढं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

एकच झालं, पायरी फार खाली लोंबत होती, ती दगडाला अडकून वाकली. गावात नेऊन वेल्डिंगवाल्याकडून कापून टाकली. पायरीसाठी गाडी अडणार असेल तर गाडी उंच केली कशाला?

२४ जून, मंगळवार

अण्णांनी आज चढताना जरा त्रास दिला. स्टूल ठेवलं, त्यावर उभे राहिले, पण पाय काही वर जाईना. "थांब, थांब" करत दाराला धरून बराच वेळ उभे. शेवटी मी खालून आणि सुरेखाने वरून घेतलं. आत बसल्यावर धोतर सारखं करत खाली बघत राहिले. शेजारची भागूबाई शेरडं घेऊन तिथेच उभी होती, तिने मात्र तोंड फिरवलं. अण्णांची सवय तशी जुन्या गाडीची, होईल हळूहळू.

२७ जून, शुक्रवार

आज चढवताना अण्णा ओरडले, "आरं, मी काय पोतं हाय का?" चढवून घेणारा मी, कंबर मोडतेय माझी, आणि वर शिवी मलाच. घाटात मी त्यांना गाडीतून खालचं सगळं कसं दिसतं ते दाखवत होतो. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

४ जुलै, शुक्रवार

चांगली बातमी. अण्णा सकाळी म्हणाले, "आज नको जायाला. हलकं वाटतंय अंगात." सुरेखाने ऐकलं नाही, डॉक्टरांनी खाडा करू नका म्हणून सांगितलंय, असं तिचं आपलं चालूच. मी म्हटलं, ज्याच्या अंगात आहे त्याला जास्त कळतं. डॉक्टर लोकांना काय, पेशंट आला नाही की मशीन रिकामी राहते.

अण्णा दिवसभर ओट्यावर बसले. पाणी मोजून प्यायचं असतं त्यांना, आज तर त्यांनी मागितलंच नाही. मी गाडी धुतली, टायरला काळा रंग लावला. त्यांना विचारलं, कशी दिसते? म्हणाले, "चांगली हाय. लई उंच हाय."

सुरेखा आज माझ्याशी बोलत नाही. साडीचं खूळ अजून गेलेलं नसणार.

८ जुलै, मंगळवार

आजचा दिवस वाईट गेला. लिहावंसं वाटत नाही, पण वही ठेवलीय तर लिहिलं पाहिजे.

पहाटेपासून अण्णांना धाप लागली. चेहरा सुजला, पाय खांबासारखे झाले. तरी म्हणत होते, "उद्या जाऊ." ओढ्याला पोटरीएवढं पाणी. घाईत स्टूल सापडेना. मी आधी गाडीत चढलो आणि त्यांचा हात धरून वर ओढलं. डावा हात हाताला लागला, तोच धरला. सुरेखा खालून ओरडत होती, "त्यो हात नका! त्यो हात नका!" पण पाऊस, गाडी चालू, ऐकू कुठून येणार. ते अर्धे वर आले आणि पाय घसरला. सगळा भार त्या हातावर आला. मी सोडला असता तर पडले असते. सोडला नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

नेहमीसारखं त्यांना दारात सोडलं आणि टायरवाल्याकडे गेलो, एका टायरची हवा कमी वाटत होती. संध्याकाळी सुरेखाने सांगितलं ते हे. डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशन करून त्या हातातली शीर तयार केलेली असते. त्या हाताने वजन उचलायचं नाही, तो दाबायचा नाही, ओढायचा तर नाहीच. तो काळानिळा पडून सुजलाय, शीर बंद झाली. सिस्टर तिच्यावर ओरडली, "हा हात कुणी ओढला?" मग मानेत नळी घालून डायलिसिस केलं. आता दुसऱ्या हाताचं ऑपरेशन, आणि तो हात कामाला यायला महिने लागतील.

"मला कुणी सांगितलं होतं का?" मी म्हटलं.

"थंडीत आपरेशन झालं तवा सांगितलं हुतं. वर भितीवर बी लिवलंय मोठ्या अक्षरात. तुमी वर आला तर वाचाल ना."

मी जेवलो नाही. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते, मानेला पांढरी पट्टी. मला त्यांचे पाय दाबायचे होते. पण जवळ गेलो की ते डोळे मिटत होते, म्हणून ओट्यावर येऊन बसलो.

या सगळ्याच्या मुळाशी कोण आहे? ज्याने वाट नांगरली तो.

११ जुलै, शुक्रवार

भाडं घेऊन काष्टीच्या बाजारात गेलो होतो काल. मुक्काम तिकडेच झाला. आज सकाळी अण्णांना न्यायला घरी आलो तर बाज रिकामी. सुरेखा चुलीपुढे.

"अण्णा भावजींकडं गेले. काल. तितनं डांबरी लागूनच हाय, त्यांची लहान गाडी हाय, बसायला सोपी. आज त्येच घेऊन गेलेत नगरला."

नांगरलेल्या ढेकळांतून गेले कसे, हे मी विचारलं.

"भावजींनी पाठीवर घेतलं."

"आणि तू पाठवलंस?"

"अण्णांनी सांगितलं, बिभीषणला हाक मार. मी बांधावर जाऊन मारली हाक. हातातलं खुरपं टाकून आले ते. एक सबुद इचारला न्हाई."

मला सगळं समजलं. अण्णांच्या नावावर अजून साडेतीन एकर आहे. म्हाताऱ्याला घरात ठेवायचं, सेवा करायची आणि अंगठा घ्यायचा, हा बिभीषणचा डाव आहे. सुरेखाला म्हटलं तर ती हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं?

"तुमी गाडी उंच केली, तवा अण्णा मला काय म्हनले सांगू? म्हनले, आता मला घरातच मरावं लागनार. त्या दिशी अंगात हलकंबिलकं काय नव्हतं त्यांच्या. तुमी पोत्यावानी चढावनार, चार मानसं बघनार, म्हनून नको म्हनले. तुमाला त्ये कसं कळलं न्हाई?"

मी म्हटलं, त्यांनी मला सांगायचं होतं. मनकवडा आहे का मी? जीव जळतो अशा वेळी. सगळं ज्याच्यासाठी केलं, त्यानेच जाऊन शत्रूच्या ओसरीवर बसायचं.

१६ जुलै, बुधवार

बिभीषणने चर बुजवला. ट्रॅक्टरने फळी मारून वाट सरळ केली, ओल्या जागी मुरूम टाकला. मी ओट्यावरून पाहत होतो. काम झाल्यावर ट्रॅक्टर बंद करून तो बराच वेळ आमच्या घराकडे पाहत उभा होता. मी आत गेलो.

सुरेखा लगेच दुधाची कॅन घेऊन त्या वाटेने गेली आणि अण्णांना भेटून आली. म्हणाली, "वाट मोकळी केलीय. काय आट न्हाई घातली. गाडी आना म्हनत्यात."

"चूक झाली म्हणाला का?"

"न्हाई."

"मग गाडी आणायला मला सांगतंय कोण? तूच म्हणतेस, का त्याने स्वतः निरोप दिलाय?"

"सुंभ जळला तरी पीळ जाईना तुमचा," ती म्हणाली. त्यानंतर ती पिशवी भरून अण्णांच्या औषधपाण्याला म्हणून तिकडे गेली ती अजून आलेली नाही. भाकरी मीच थापली.

मी त्या वाटेने जाणार नाही. आज उघडली, उद्या परत नांगरेल. माझी गाडी ओढ्यातून जाते. तेवढ्यासाठीच केलीय ती.

२२ जुलै, मंगळवार

आज अण्णांना मीच न्यायचं असं ठरवून सकाळीच निघालो. नवं स्टूल घेतलं, रुंद पायांचं. ओढ्याला गढूळ पाणी, चाकाच्या मध्यापर्यंत, खालचे गोटे दिसत नव्हते. गाडी दोनदा तिरकी झाली आणि मला खरंच भीती वाटली. पण निघालो. फेरा मारून डांबरीने बिभीषणच्या दारात गाडी उभी केली आणि हॉर्न दिला.

अण्णा बिभीषणच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले. नवी टोपी घातली होती, लग्नाला आणलेली. त्यांनी आधी टायरवरचा चिखल पाहिला, मग मला.

"वढ्यातनं आलास?"

"होय."

"वाट उघडीच हाय की रं."

"मला कुणी बोलावलं नाही त्या वाटेने," मी म्हटलं.

"वाट काय पत्रिका छापून बोलावती का, आदिनाथा?"

मी खाली उतरून स्टूल ठेवलं. म्हटलं, अण्णा, बसा, हळूच चढवतो. ते स्टुलाकडे पाहत राहिले, मग मानेच्या पट्टीला हात लावला. "नको बाबा," म्हणाले. रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं. बिभीषणने त्याच्या लहान गाडीचं दार उघडलं. ते पाठ टेकून बसले, मग एकेक पाय आत घेतला, कुणाचा हात न लागता. बिभीषण मला म्हणाला, "तू बी चल ना. बस पुढं." मी, "दादा, माझी गाडी आहे," एवढंच म्हणालो. दादा का म्हणालो कोण जाणे, तोंडातून गेलं.

मग मी त्यांच्या मागे मागे गेलो. करंजीचा घाट, तसंच पुढे नगरपर्यंत. उंचावरून मला त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेतून अण्णांची टोपी दिसत होती. ते काहीतरी बोलत होते आणि बिभीषण मान हलवत होता. माझ्या गाडीत इतकं बोललेले ते मला आठवत नाहीत. वाटेत दोन भाड्यांचे फोन आले, घेतले नाहीत. गाडी रिकामी असल्याने फार उड्या मारत होती.

हॉस्पिटलला जागा शोधून गाडी लावली आणि पहिल्यांदाच जिना चढून वर गेलो. भिंतीवर खरोखरच मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे: या हाताला ओढू नये. काचेतून आत पाहिलं. अण्णा कॉटवर, मानेच्या नळीतून रक्त मशीनकडे चाललेलं. बिभीषण त्यांचे पाय चेपत होता. तो वास मला अजून सहन होत नाही, तरी मी दार ढकललं.

सिस्टरने अडवलं. "एकालाच सोडतो. पेशंटचा मुलगा आहे आत. तुम्ही कोण?"

मला सांगायचं होतं. शब्द तोंडात आला होता. अण्णांना मान वळवता येत नव्हती म्हणून त्यांनी नुसते डोळे माझ्याकडे वळवले, आणि बिभीषण उठायला लागला, त्याची जागा मला द्यायला.

"मी गाडीवाला," मी म्हटलं.

"मग खाली थांबा," ती म्हणाली.

मी खाली येऊन थांबलो. हे लिहीत असताना ते अजून वरच आहेत.